वेगळ्या तिजोऱ्या, सामायिक कार्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेपुढे दोन प्रश्न हमखास उभे राहतात. ज्या कार्यासाठी संस्था निघाली ते कार्य नव्या पिढीला कोणत्या स्वरूपात हवे आहे, हा पहिला प्रश्न. आणि तेच कार्य करणाऱ्या शेजारच्या संस्थेशी आपले नाते कसे असावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा सभांतून होत असते. दुसरा प्रश्न मात्र बहुधा मनातच राहतो, कारण त्यात नावाचा, मानाचा आणि पैशाचा संबंध येतो.

आजचा विषय या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे समुपदेशन आणि विद्यार्थी-कल्याण पाहणाऱ्या व्यावसायिकांच्या अनेक संघटना आहेत. त्यांनी एकमेकींशी सहकार्य कसे केले, निधी कसा उभारला, कोठे त्यांना यश आले आणि कोठे अपयश, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु आज आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत शिकत आहेत. सांगली, सोलापूर वा पुण्याच्या घरातून गेलेले मूल तिकडच्या वसतिगृहात एकाकी पडले, परीक्षेत मागे राहिले वा मनाने खचले, तर मध्यरात्री त्याच्या दारावर थाप मारणारी व्यक्ती याच व्यवसायातील असते. ही व्यवस्था कोणी उभी केली आणि तिचा खर्च कोणी सोसला, हे पालकांना ठाऊक असणे उचित ठरेल.

उगम

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थिसंख्या वाढू लागली. प्राध्यापकांना शिकविण्यापलीकडे विद्यार्थ्यांकडे लक्ष देणे अशक्य होऊ लागले. विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, शिस्त, प्रकृती आणि नोकरी यांची काळजी वाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. मुलींसाठी वेगळ्या डीन असत आणि मुलांसाठी वेगळे. मुलींच्या डीन भगिनींची राष्ट्रीय संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली. मुलांच्या डीन मंडळींची पहिली बैठक जानेवारी १९१९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे भरली. त्या बैठकीतून पुढे जी संघटना उभी राहिली तिला १९५१ पासून ‘नॅस्पा’ या नावाने ओळखतात. तिसरा प्रवाह १९२४ मध्ये सुरू झाला. पदवीधरांना शिक्षकाच्या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कार्यालयांच्या चिटणिसांनी, कॅलिफोर्निया विद्यापीठातील मे चेनी यांच्या पुढाकाराने, आपली संघटना काढली. तिनेच १९३१ मध्ये ‘अमेरिकन कॉलेज पर्सोनेल असोसिएशन’, म्हणजे ‘एसीपीए’, हे नाव धारण केले.

या सनांकडे पाहताना महाराष्ट्रातील माणसाला एक योगायोग जाणवल्याशिवाय राहत नाही. १९१९ हेच वर्ष रयत शिक्षण संस्थेच्या स्थापनेचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्या वर्षी ४ ऑक्टोबरला कराडजवळील काले येथे तिची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. दोन्ही खंडांतील माणसांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तरीही विद्यार्थ्याला पुस्तकाइतकेच अन्न, निवारा आणि मायेचे माणूस लागते, हा विचार एकाच काळात दोन्हीकडे मूळ धरीत होता. तिकडे ते काम पगारी अधिकाऱ्यांच्या व्यवसायाचे रूप घेऊ लागले. इकडे ते ध्येयवादी शिक्षक आणि गृहपती यांच्या त्यागावर उभे राहिले.

तिकडच्या या व्यवसायाला वैचारिक अधिष्ठान १९३७ मध्ये मिळाले. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या मातृसंस्थेने त्या वर्षी एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धीचे भांडे म्हणून न पाहता शरीर, मन, भावना आणि समाज यांसह संपूर्ण व्यक्ती म्हणून पाहावे, असा त्याचा आशय होता. १९४९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

घरे वेगळी झाली

ध्येय एकच होते, पण घरे अनेक झाली. १९५२ मध्ये मार्गदर्शन आणि समुपदेशन क्षेत्रातील चार संघटना एका छत्राखाली आल्या, आणि एसीपीए ही त्यांपैकी एक होती. हेच छत्र पुढे ‘अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशन’ म्हणून प्रसिद्धीस आले. हा एकत्र संसार सुमारे चाळीस वर्षे चालला. मात्र शाळेतील समुपदेशक, खासगी व्यवसाय करणारे समुपदेशक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी-कल्याण अधिकारी यांच्या गरजा भिन्न होत्या. अखेर १९९२ मध्ये एसीपीए त्या छत्रातून बाहेर पडली.

या विभक्तीचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. महाविद्यालयांत प्रत्यक्ष समुपदेशन करणारी जी मंडळी होती त्यांना मूळ घर सोडावयाचे नव्हते. त्यांच्यासाठी १९९१ मध्येच मूळ छत्राखाली ‘अमेरिकन कॉलेज काउन्सेलिंग असोसिएशन’ हा नवा विभाग स्थापन झाला. म्हणजे एका घराची दोन घरे झाली. त्याशिवाय विद्यापीठांतील समुपदेशन केंद्रांच्या संचालकांची संघटना वेगळी, महाविद्यालयीन आरोग्यसेवेची संघटना वेगळी, वसतिगृह अधिकाऱ्यांची वेगळी, क्रीडा-करमणूक पाहणाऱ्यांची वेगळी. प्रत्येकीचे अध्यक्ष, वार्षिक अधिवेशन, नियतकालिक आणि सभासद वर्गणी स्वतंत्र.

आणि १९१६ ची सर्वांत जुनी, भगिनींची संघटना? स्त्री आणि पुरुष अधिकाऱ्यांच्या जागा वेगळ्या राहिल्या नाहीत, तसे तिच्या कार्याचे स्वतंत्र क्षेत्रच आक्रसत गेले. नाव बदलून, कार्यकक्षा रुंदावून पाहिली. परंतु २००० मध्ये ती विसर्जित झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची परंपरा एखाद्या संस्थेला तारून नेतेच असे नाही, हा धडा कोणत्याही जुन्या संस्थेने मनावर घ्यावा असा आहे.

एकत्र येण्याचा मोठा प्रयत्न

नॅस्पा आणि एसीपीए या दोन मोठ्या संघटनांचे सभासद पुष्कळदा तेच, विषयही तेच. मग वेगळेपण कशासाठी, हा प्रश्न वारंवार निघे. १९८७ आणि १९९७ मध्ये शिकागो येथे, तर २००७ मध्ये ऑरलँडो येथे दोघींनी संयुक्त अधिवेशने भरविली. प्रत्येक अधिवेशनानंतर विलीनीकरणाची चर्चा पुन्हा रंगे. अखेर २०११ मध्ये हा प्रस्ताव सभासदांच्या मतास टाकण्यात आला.

निकाल विचार करावयास लावणारा आहे. एसीपीएच्या मतदात्या सभासदांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी विलीनीकरणास संमती दिली. नॅस्पाच्या सुमारे ६२ टक्के सभासदांनीही अनुकूल मत दिले. परंतु नॅस्पाच्या नियमानुसार दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक होते. थोडक्या टक्क्यांनी प्रस्ताव बारगळला आणि दोन्ही संघटना आपापल्या नावाने चालत राहिल्या.

बाहेरच्या माणसास हा केवळ अहंकाराचा खेळ वाटेल. पण व्यापारी पेठेत आयुष्य घालविलेल्या माणसास त्यामागील कारणे समजणे कठीण नाही. दोन पेढ्या एक करावयाच्या म्हटल्या म्हणजे केवळ फलक बदलून भागत नाही. कोणाची गादी राहणार, कोणाचे मुनीम जाणार, जुनी येणी-देणी कोणाच्या अंगावर, आणि गिऱ्हाईक ज्या नावावर विश्वास ठेवून पायरी चढत आले त्या नावाचे काय, हे सारे प्रश्न उपस्थित होतात. संघटनांचेही तसेच असते. वार्षिक अधिवेशन हा त्यांच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत. दोन अधिवेशनांचे एक झाले की दोन उत्पन्नांचेही एक होते. शिवाय जिच्यात एखाद्याने तरुणपणी पहिला निबंध वाचला आणि उतारवयात सत्कार स्वीकारला, त्या संस्थेविषयीची ममता ताळेबंदात दाखविता येत नाही. पण मतपेटीत ती उतरते.

मतदान फसले, काम थांबले नाही

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल की हे तर फुटीचे आणि अपयशाचे आख्यान झाले. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या संघटनांना एक तिजोरी करता आली नाही, त्यांनीच कामे मात्र एकत्र केली, आणि तीही अशी की ज्यांवाचून आज तो व्यवसाय उभा राहू शकणार नाही.

पहिले उदाहरण मानकांचे. विद्यार्थी-सेवेचे कोणते काम किमान कोणत्या दर्जाचे असावे, हे ठरविण्यासाठी १९७९ मध्ये अनेक संघटनांनी मिळून एक परिषद स्थापन केली. तिची पहिली मानके १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. आज चाळीसहून अधिक संघटना तिच्या सभासद आहेत. प्रत्येक संघटना आपला प्रतिनिधी पाठवते आणि सहमतीने मानके ठरतात. कोणाचेही नाव पुसले गेले नाही, कोणाचीही तिजोरी रिकामी झाली नाही. पण मोजण्याचा गज सर्वांनी एकच मान्य केला. कापडाच्या बाजारात प्रत्येक दुकानाचा गज निराळा असता तर व्यवहार कसा चालला असता, याची कल्पना करून पाहावी.

दुसरे उदाहरण विचाराचे. २००४ मध्ये नॅस्पा आणि एसीपीए यांनी ‘लर्निंग रिकन्सिडर्ड’ हा ग्रंथ संयुक्तपणे प्रसिद्ध केला. विद्यार्थी वर्गात जसा शिकतो तसाच वसतिगृहात, मैदानावर आणि भोजनगृहातही शिकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. २००६ मध्ये त्याचा पुढचा भाग निघाला, तेव्हा दोनाच्या सात संघटना झाल्या होत्या. वसतिगृह, विद्यार्थी-भवन, शैक्षणिक सल्ला, क्रीडा, उपक्रम या सर्वांच्या संघटनांचा त्यात सहभाग होता.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. या व्यवसायातील व्यक्तीला कोणकोणती कौशल्ये असावीत, याचा मसुदा दोन्ही संघटनांनी २०१० मध्ये मिळून तयार केला. पुढल्याच वर्षी विलीनीकरणाचा प्रस्ताव फसला. अशा प्रसंगानंतर बोलणे तुटते, येणे-जाणे बंद होते. हा अनुभव सर्व समाजांस आहे. येथे मात्र २०१५ मध्ये त्याच दोन संघटनांनी त्याच मसुद्याची सुधारित आवृत्ती पुन्हा एकत्र बसून सिद्ध केली. सोयरीक जमली नाही म्हणून शेजारधर्म सोडला नाही, असे म्हणता येईल.

दुःखातून उभा राहिलेला निधी

आता निधीविषयी. या क्षेत्रातील काही महत्त्वाचे निधी समारंभांतून उभे राहिलेले नाहीत; ते पुत्रशोकातून उभे राहिले आहेत, हे नम्रपणे सांगितले पाहिजे.

१९९८ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात शिकणाऱ्या जेड सॅटो या तरुणाने आपले जीवन संपविले. त्याचे माता-पिता डोना आणि फिलिप सॅटो यांनी २००० मध्ये त्याच्या नावाने ‘जेड फाउंडेशन’ स्थापन केले. या फाउंडेशनचे कार्य एका शोकाकुल कुटुंबाच्या स्मारकापुरते सीमित राहिले नाही. देशभरातील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची व्यवस्था कशी तपासावी आणि सुधारावी, यासाठी त्याने कार्यपद्धती आखून दिली.

२००३ मध्ये ओरेगनचे सिनेटर गॉर्डन स्मिथ यांचा विद्यार्थी असलेला पुत्र गॅरेट याच मार्गाने गेला. पुढच्या वर्षी त्या पित्याच्या प्रयत्नातून अमेरिकन काँग्रेसने गॅरेटच्या नावाचा कायदा संमत केला. २१ ऑक्टोबर २००४ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. आत्महत्या प्रतिबंधासाठी तीन वर्षांत ८ कोटी २० लाख डॉलर देण्याची तरतूद त्यात होती. त्यातील महाविद्यालयांसाठीच्या अनुदानाला मुळात एक अट होती. जितके डॉलर सरकार देईल तितकाच वाटा महाविद्यालयाने उभा करावा. दान घेणाऱ्याने स्वतःचीही झोळी हलवावी, ही अट आपल्याकडील जुन्या दात्यांना अपरिचित नव्हती.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. मनाने ढळलेल्या विद्यार्थ्याकडे वेळीच लक्ष कोणी द्यावयाचे, आणि माहिती कोणी कोणास द्यावयाची, हा प्रश्न साऱ्या देशाला जाळू लागला. २००८ मध्ये महाविद्यालयीन आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ‘हायर एज्युकेशन मेंटल हेल्थ अलायन्स’ ही आघाडी आकारास आली. एसीपीए, नॅस्पा, महाविद्यालयीन समुपदेशकांची संघटना, केंद्र-संचालकांची संघटना, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटना आणि जेड फाउंडेशन हे सर्व एका मेजाभोवती बसले. १९९२ मध्ये जे घर दुभंगले होते त्याचे दोन्ही अंश या मेजावर होते. या आघाडीने २०१२ मध्ये, धोक्याच्या खुणा दिसणाऱ्या विद्यार्थ्याबाबत महाविद्यालयातील पथकाने कसे वागावे, याची मार्गदर्शिका काढली. २०१४ मध्ये, एखाद्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या मित्रांना, वसतिगृहाला आणि शिक्षकांना कसे सावरावे, याची मार्गदर्शिका काढली. कोणत्याही एका संघटनेला या पुस्तिका एकटीने लिहिता आल्या असत्या. पण मग त्या बाकीच्यांनी आपल्या म्हणून वापरल्या असत्या का, याची शंका आहे.

पैसा कसा येतो, कोठे जातो

निधिसंकलनाच्या बाबतीत या संघटनांची रचना समजून घेण्यासारखी आहे. सभासदांची वर्गणी आणि अधिवेशनाचे शुल्क यांतून संघटनेचा दैनंदिन कारभार चालतो. देणग्या स्वीकारण्यासाठी नॅस्पा आणि एसीपीए यांची प्रतिष्ठाने, म्हणजे फाउंडेशने, आहेत. कार्यालयाचे वीजबिल आणि दात्याचा पैसा एकाच गल्ल्यात मिसळू नये, हा त्यामागील विवेक. आपल्या मंदिरांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य आणि साधारण खाते यांची जी काटेकोर विभागणी पूर्वजांनी घालून दिली, तिच्याशी हे तत्त्व जुळणारे आहे. ज्या हेतूने पैसा आला त्याच हेतूस तो लागला पाहिजे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उचल करण्याची सवय लागली की आधी हिशेब बिघडतो आणि मग श्रद्धा.

एसीपीएने आपल्या पंचाहत्तराव्या वर्षी, १९९९ मध्ये, ‘हीरक सन्मान’ ही योजना सुरू केली. या व्यवसायात दीर्घ सेवा केलेल्या व्यक्तीची निवड होते, आणि तिचे सहकारी, विद्यार्थी व स्नेही तिच्या नावे फाउंडेशनला देणग्या देतात. या निधीतून संशोधनास साहाय्य केले जाते. योजनेची खुबी अशी की सत्कारमूर्तीला शाल-श्रीफळाऐवजी कार्याची जोड मिळते, आणि दात्यालाही आपण कोणाच्या ऋणातून देत आहोत याचे समाधान लाभते. हे दाते कोणी कोट्यधीश नसतात. बहुतेक पगारदार माणसे असतात. लहान रकमा, पुष्कळ हात, आणि दरवर्षी न चुकता. अशा रीतीने ती गंगाजळी वाढते. जयंती महोत्सवाचे हारतुरे सुकून जातात. त्या निमित्ताने सुरू केलेली एखादी योजना मात्र पंचवीस वर्षांनंतरही फळ देत राहते, हे सुवर्णमहोत्सवी संस्थेने ध्यानी घ्यावे.

सामायिक कामाचा खर्च मात्र निराळ्या रीतीने भागविला जातो. मानकांच्या परिषदेला सभासद संघटना वर्गणी देतात, आणि मानकांच्या ग्रंथाची विक्रीही होते. समुपदेशन केंद्रांची राष्ट्रीय पाहणी १९८१ पासून पिट्सबर्ग विद्यापीठातील रॉबर्ट गॅलाघर यांनी वर्षानुवर्षे चालविली आणि पुढे महाविद्यालयीन समुपदेशकांच्या संघटनेने तिला साह्य केले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील एका केंद्राकडे शेकडो समुपदेशन केंद्रे आपली माहिती, विद्यार्थ्यांची नावे वगळून, जमा करतात. त्यातून चिंता वाढते आहे की नैराश्य, कोणत्या महिन्यात गर्दी होते, किती भेटींनंतर गुण येतो, हे सर्वांना कळते. एकट्या दुकानाची विक्री पाहून बाजाराचा कल कळत नाही. साऱ्या पेठेचा आकडा समोर आला म्हणजे कळतो.

या रचनेत दोषही आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. अधिवेशनावर फार भिस्त ठेवली की काय होते, ते मार्च २०२० मध्ये दिसून आले. कोरोनाच्या साथीमुळे नॅस्पाचे अधिवेशन त्या वर्षी रद्द करावे लागले. वर्षभराचे उत्पन्न एकाच हंगामावर अवलंबून ठेवणाऱ्याची, तो हंगाम बुडाला की काय अवस्था होते, हे दिवाळी आणि लग्नसराईवर जगणाऱ्या कापड व्यापाऱ्यास सांगावयास नको. शिवाय हजार ते पंधराशे विद्यार्थ्यांमागे किमान एक पूर्णवेळ व्यावसायिक असावा, असे समुपदेशन सेवांना मान्यता देणाऱ्या तेथील संस्थेने सुचविले आहे. अनेक ठिकाणी तेवढेही मनुष्यबळ मिळत नाही. संघटना मार्गदर्शिका काढू शकतात, पण प्रत्येक महाविद्यालयात माणूस बसवू शकत नाहीत. त्यासाठी त्या त्या संस्थेच्या विश्वस्तांनीच खर्चाची तयारी ठेवावी लागते.

आपल्या अंगणात

येथे विषय आपल्या दारी येऊन पोहोचतो. २५ जुलै २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशव्यापी मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा, महाविद्यालये, शिकवणी केंद्रे यांच्याबरोबर वसतिगृहांचाही त्यांत समावेश आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर असावयास काहीही खर्च येत नाही.

आपल्या समाजाची वसतिगृहे बहुधा लहान आहेत. कोठे चाळीस मुले, कोठे साठ. एका गावात तीन संस्थांची तीन वसतिगृहे असतात, आणि तिन्ही विश्वस्त मंडळे प्रामाणिकपणे म्हणतात की पूर्णवेळ समुपदेशकाचा पगार आम्हांस झेपणार नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तिघांचे मिळून तेच म्हणणे खरे राहत नाही.

यासाठी संस्थांचे विलीनीकरण करावे असे कोणी सुचविणार नाही. २०११ चा अनुभव सांगतो की तो मार्ग लांबचा आणि वेदनेचा आहे. प्रत्येक संस्थेने आपले नाव, आपली घटना, आपले दाते आणि आपले तैलचित्र खुशाल सांभाळावे. एकाच कामापुरते हात जोडावेत. तीन वसतिगृहांनी मिळून एक समुपदेशक नेमावा. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खर्च वाटून घ्यावा. या कामासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे, तिन्ही संस्थांच्या लेखापरीक्षकांनी ते पाहावे आणि वर्षअखेर एक पानाचा जमाखर्च तिन्ही वसतिगृहांच्या फलकांवर लावावा. कोणत्या संस्थेने किती दिले, हे त्यात स्पष्ट असावे. हिशेब उघडा असला म्हणजे मनातील गाठी आपोआप सुटतात.

सामायिक समुपदेशकाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो पैशाहून मोलाचा आहे. आपला समाज लहान आहे. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. ज्या मुलाचे मन ढासळले आहे तो आपल्याच संस्थेच्या कार्यालयात, जेथे त्याच्या काकांचे स्नेही विश्वस्त म्हणून बसलेले असतात, तेथे तोंड उघडणार नाही. आपले बोलणे घरी पोहोचेल, नातलगांत चर्चा होईल, पुढे बहिणीच्या लग्नात अडथळा येईल, या भीतीने तो गप्प बसतो. म्हणून समुपदेशक कोणा एका संस्थेचा नोकर नसावा. तो तिघांचा, आणि म्हणून कोणाचाच नव्हे, असा असावा. विश्वस्तांनी त्यास आकडे विचारावेत, नावे विचारू नयेत. मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच गुप्ततेला अपवाद असावा, आणि तो अपवाद आधी लिहून ठेवावा. गुप्तदानाची थोरवी जाणणाऱ्या समाजाला गुप्त दुःखाचाही मान राखता आला पाहिजे.

आणि गृहपतींना विसरून चालणार नाही. रात्री अकरा वाजता कोणाच्या खोलीतील दिवा बंद होत नाही, कोणी दोन दिवस जेवावयास आले नाही, हे समुपदेशकास कळणार नाही. ते गृहपतीला आणि स्वयंपाकघरातील मावशींना कळते. अमेरिकेतील संघटनांनी शंभर वर्षांच्या परिश्रमानंतर जो सिद्धान्त ग्रंथबद्ध केला, की विद्यार्थी वर्गाबाहेरही घडत असतो आणि वर्गाबाहेरच बहुधा मोडतो, तो या माणसांस अनुभवाने ठाऊक असतो. त्यांच्या प्रशिक्षणावर थोडा खर्च करणे हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी गुंतवणूक ठरेल.

समारोप

सारांश, या शंभर वर्षांच्या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, समान ध्येय असलेल्या संस्था एक होतीलच असे नाही, आणि झाल्याच पाहिजेत असेही नाही. दोन, मर्यादित, स्पष्ट आणि हिशेबी अशा एखाद्या कामावर त्या एकत्र येऊ शकतात, आणि तेच काम त्यांच्या मागे उरते. तीन, निधी मागताना संस्थेच्या गौरवापेक्षा विद्यार्थ्याची गरज पुढे ठेवली, तर देणारे हात पुढे येतात.

सॅटो आणि स्मिथ या दोन्ही कुटुंबांनी जे उभे केले ते आपल्या मुलाच्या पश्चात. आपल्या हाती अजून वेळ आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या इमारतीवर नवा मजला चढविण्याचा विचार होईल, आणि तो व्हावाही. परंतु त्या मजल्यावरील शेवटच्या खोलीत राहणारे मूल रात्री कोणाजवळ मन मोकळे करील, याचे उत्तर आराखड्यात कोठे तरी लिहिलेले असावे. ते उत्तर एका संस्थेला देता येत नसेल, तर शेजारच्या दोन संस्थांना पत्र धाडावे. पहिले पत्र कोणी लिहावे, या मानापमानात एखादे सत्र निघून जाईल, आणि एका मुलासाठी एक सत्रही फार मोठा काळ असतो.

सर्वांचे मंगल होवो. जय जिनेंद्र.